चार झाडांचा पंच

श्रीहरी रायपुरे माझा अशील नव्हता. ज्याच्या सहीनं माझा अशील तुरुंगात गेला, तो हा माणूस. तरी चंद्रपूरच्या कोर्टात मी जी वर्षं काढली त्यांतल्या एकाच माणसाबद्दल सांग म्हटलं, तर मी त्याच्याबद्दल सांगेन. पुढं आमची ओळख वाढली. या हकिकतीतला बराचसा भाग त्यानंच मला सांगितला आहे, स्वतःला कुठंही न वाचवता.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावापासून सात-आठ मैलांवर मोहतुकूम नावाचं गाव आहे. मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि माणसांपेक्षा जास्त जनावरं. एक्याऐंशी साली तिथं ढोरांचा दवाखाना उघडला आणि श्रीहरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झाला. वय अठ्ठावीस. त्याचे वडील रामाजी छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत राबून त्यांनी पोराला शिकवलं. घराण्यात सरकारी खुर्चीवर बसणारा श्रीहरी पहिला. दवाखान्याच्या दोन खोल्यांना त्यानं स्वतःच्या हातानं चुना मारला, दारासमोर जनावर उभं करायचा लाकडी खोडा घट्ट रोवून घेतला, आणि सकाळी आठला सुया उकळून तयार बसू लागला.

जनावरं येत होती. पण ती खोड्यात येत नव्हती, समोरच्या रस्त्यानं पुढं जात होती.

त्या रस्त्याच्या टोकाला ढिवर मोहल्ला होता आणि तिथं शालिकराम बावणे राहायचा. पन्नाशीचा, काटक, तलावात जाळं टाकणारा. आजा-पणज्यापासून त्याच्या घरी जनावरांचं औषधपाणी चालत आलेलं. लंगडणारा बैल, फुगलेली म्हैस, व्याल्यावर जार, म्हणजे वार, अडकलेली गाय, सगळी त्याच्या अंगणात. लोक दवाखान्यासमोरून जाताना हात वर करून "जयभीम डॉक्टरसाहेब" म्हणायचे आणि दोर ओढत पुढं जायचे. कुणाच्या मनात वैर नव्हतं. श्रीहरीला वाटायचं, वैर असतं तर बरं झालं असतं. त्याला उत्तर देता आलं असतं.

तो खिडकीत बसून पाहायचा. कोणता बैल कोणत्या पायानं लंगडत गेला आणि कितव्या दिवशी सरळ चालत परतला, हे त्याला पाठ होऊ लागलं. बैल बरा होऊन परतला की तो खिडकी आपटून लावायचा. "आणि शालिकरामच्या हातून एखादं जनावर मेलं," त्यानं मला सांगितलं, "का त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खात होतो. कमला म्हणे, आज भूक चांगली लागली जी तुम्हाले." कमला त्याची बायको. हे सांगताना त्याची मान खाली होती.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्याआधी जनावरांत घटसर्पाची साथ येणार असा अंदाज होता. श्रीहरीनं पंधरा दिवस सायकलवर लसीचा बर्फाचा डबा बांधून मोहतुकुमातली गाय, म्हैस, वासरू, एकेक शोधून टोचलं. लोक कुरकुरले, दोघांनी जनावरं जंगलात हाकून दिली, तर हा जंगलात गेला. त्या वर्षी आजूबाजूच्या चार गावांत म्हशी पटापट पडल्या. मोहतुकुमात एक मेली नाही.

पोळ्याला तोरणाखाली सगळा गाव जमला. श्रीहरी इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. मग गावच्या पाटलांनी शालिकरामला पुढं बोलावून त्याच्या खांद्यावर नवं धोतर टाकलं. साथीच्या वेळी शालिकरामनं शिवेवर कडुनिंबाचा आणि कसल्याशा पाल्याचा धूर केला होता. त्या धुरानं रोग अडला, असं गावानं ठरवून टाकलं होतं. शालिकराम काही बोलला नाही. धोतर घेतलं आणि हात जोडले. श्रीहरीनं अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि घरी आला.

"म्हशी वाचल्या ना?" रामाजी म्हणाले. "मंग कायले तोंड वाकडं करून बसला?"

"वाचवल्या कोणं, बाबा?"

"तुले माहीत हाये ना? पुरे झालं."

त्याला ते पुरे होत नव्हतं. पुढची पाच वर्षं हीच गोष्ट त्याच्या आत रोज थोडी थोडी कुजत गेली.

एकोणनव्वदच्या जुलैत धान रोवण्याची घाई चालली होती. रामाजींनी गावात थोडी जमीन ठेक्यानं केली होती आणि घरी एक बैलजोडी होती. त्यातल्या एका बैलाला हगवण लागली. श्रीहरीनं चार दिवस सल्फाच्या गोळ्या दिल्या, सलाईन लावलं. बैल उभा राहीना. पाचव्या दिवशी त्याला मासिक सभेसाठी मूलला जावं लागलं. संध्याकाळी सायकलवरून उतरतो तर बैल उभा, आणि हळूहळू तणस खातोय. क्षणभर त्याला आनंद झाला. मग त्यानं बैलाच्या तोंडाजवळ नाक नेलं. गूळ, ओवा आणि एक उग्र हिरवा वास. तो वास त्याला माहीत होता. शालिकरामच्या घरामागच्या वाडीत भिंतीला लागून गांजाची चार झाडं होती. त्याचा पाला वाटून तो हगवणीवर द्यायचा. दिवसभर पाण्यात उभं राहून आल्यावर सांजच्याला स्वतः एक चिलीमही ओढायचा. गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

"कोणं नेला बैल त्याच्याकडे?"

कमला चुलीपुढं होती. "मी नेला. मामाजी बी होते." सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची.

"माझ्या घरचा बैल? ढोरडॉक्टरचा बैल त्या ढिवराच्या अंगणात? साऱ्या गावानं पाह्यलं असन."

"पाह्यलं. बैल मरू द्यायचा होता काय?"

"मेला असता तरी चाललं असतं."

कमलानं वळून त्याच्याकडे पाहिलं. नंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण मात्र वेळेवर वाढलं.

तिसऱ्या दिवशी मूलचा बाजार होता. औषधांची पेटी आणायला श्रीहरी गेला आणि चहाच्या टपरीवर एका ओळखीच्या पोलीस जमादाराशेजारी बसला. जमादार नव्या कायद्याचं सांगत होता. गांजा, चरस, अफू सगळं एकाच कायद्यात आलंय, वरून विचारणा होते, आपल्या भागातून किती केसेस, आणि इथं दाखवायला काही नाही.

"आमच्या गावात हाये," श्रीहरी म्हणाला.

"काय हाये?"

"झाडं. चार."

एवढंच. पुढं जमादारानं नाव विचारलं आणि त्यानं सांगितलं. मी त्याला नंतर विचारलं होतं, त्या वेळी काय होईल असं वाटलं? तो म्हणाला, "वाटलं, झाडं उपटून नेतीन. दंड होईन. पहिले दारूबंदीच्या कायद्यात असंच होत होतं ना? आणि मंग त्याच्यापाशी पाला राह्यणार नाई, का लोक माझ्याकडे येतीन. एवढंच वाटलं जी. बाकी काईच वाटलं नाई, आणि तेच खराब झालं."

कायदा पंच्याऐंशी सालचा होता. मुंबईत ब्राउन शुगर विकणाऱ्यांच्या आणि सरहद्दीवरून पोती आणणाऱ्यांच्या बातम्या तेव्हा रोज येत, त्यांच्यासाठी तो केला असं आम्ही वकील लोक समजत होतो. पण वाडीतल्या झाडालाही तोच लागत होता. गांजाची लागवड म्हणजे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्यात एकोणनव्वदच्या मे महिन्यात आणखी एक दुरुस्ती झाली आणि जामिनाचं दार जवळजवळ बंद झालं. आरोपी निर्दोष असावा असं कोर्टाला आधीच वाटलं, तरच जामीन. शालिकरामची झाडं या दुरुस्तीनंतर दीड-दोन महिन्यांनी सापडली.

पोलीस सकाळी आले. पंच म्हणून लिहिता येणारा, सरकारी माणूस हवा होता. जमादारानं दवाखान्याच्या खिडकीतून हाक मारली. श्रीहरीला नाही म्हणता आलं असतं. तो गेला, कारण त्याला पाहायचं होतं.

वाडीत चार झाडं होती, कमरेएवढी. बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण, बुडाशी पाण्यासाठी केलेली गोल आळी. पंचनाम्यात ते सगळं आलं. श्रीहरीनं खाली सही केली, ठसठशीत अक्षरात, हुद्द्यासह. शालिकरामची बायको गोकुळा दारात उभी होती, तिच्या हातात मासे साफ करायचा विळा होता आणि तो तिनं खाली ठेवलाच नव्हता. "अवो, ढोराचं औषध हाये ते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "विचारा ना या डॉक्टरसाहेबाले."

श्रीहरीला कुणी विचारलं नाही, आणि तोही बोलला नाही.

शालिकरामला बेड्या घातल्या तेव्हा तो श्रीहरीकडे वळला. "डॉक्टरसाहेब, लच्छूच्या गायीची जार अडकली हाये. मी आज जाणार होतो. तुमी पाहाल काय?"

श्रीहरी म्हणाला, "पाहातो." त्या क्षणी त्याला शरम वाटायला हवी होती. पण त्याला आधी काय वाटलं, तर राग. बेड्या पडल्या तरी हा माणूस मोठाच राहतो, आणि आपण हातात सरकारी पेन धरून लहान.

त्या दिवशी घरी रामाजी ओसरीवर बसून होते. त्यांना माहीत नव्हतं कुणी सांगितलं ते. ते म्हणाले, "मी पोट्टा होतो तवा मूलले गांज्याचं सरकारी परवान्याचं दुकान होतं. पुडी बांधून देत. सरकार कर घेई. आता तेच सरकार बेडी घालून राह्यलं."

"नशा वाईटच हाये ना, बाबा. तुमीच सांगता."

"सांगतो. मी पंचशील घेतलं, नशापाणी कवा शिवलो नाई. पण शील माणूस आपल्या मनानं घेते. बेडी घालून कोणाले शील देता येते काय रे? आणि मूलले देशी दारूच्या दुकानावर आजबी सरकारची पाटी हाये. तिथून निघून बायकोले मारते तो मोकळा, आन् बैलाले पाला देणारा आत. हे कोणतं गणित?"

श्रीहरीनं पेटी उचलली. तो लच्छूच्या गोठ्यात गेला आणि गायीची जार काढली. गाय वाचली.

त्यानंतर जनावरं खोड्यात येऊ लागली. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं. सकाळी सातलाच दारात रांग. पण दोर धरून उभे असलेले लोक एकमेकांशी बोलायचे ते शालिकरामबद्दल. त्याचा जामीन नामंजूर झाला. गोकुळाबाई एकटीच तलावाच्या काठानं मासे धरते. कुणी तिच्या घरी तांदूळ टाकून आलं. कमलाही एकदा भाजी देऊन आली. एक म्हातारा सुई टोचून घेतलेल्या आपल्या गोऱ्ह्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "शालिक असता तर त्याच्या कानात दोन गोष्टी बोलला असता." श्रीहरीनं पुढचं जनावर खोड्यात घ्यायला सांगितलं. माणूस गजाआड होता आणि तरी रस्ता त्याच्याच घराकडे जात होता.

सप्टेंबरात वासरांना हगवणीची साथ आली. नदीनाले भरलेले, जिल्ह्याहून औषधं आली नव्हती. गोळ्या संपल्या. आठवड्यात नऊ वासरं गेली. दहावं गेलं त्या दुपारी श्रीहरीनं रजेचा अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या तुरुंगात भेटीच्या जाळीपुढं जाऊन उभा राहिला.

शालिकराम वाळला होता. पण श्रीहरीला पाहून त्याचा चेहरा उजळला. "गाय वाचली काय लच्छूची?"

"वाचली. वासरं मरून राह्यली, शालिकभाऊ. माझ्यापाशी औषध नाई. तुमी काय देता ते सांगा."

कुणी एवढ्या वर्षांचं घरचं ज्ञान असं जाळीतून देईल? शालिकरामनं दिलं. कुड्याची साल किती उकळायची, बेलाचा गर कसा घालायचा, डाळिंबाची साल कधी, वासराच्या वयावरून किती. श्रीहरीनं सगळं लिहून घेतलं. "पाला मिळाला तर लवकर आराम पडते," शालिकराम म्हणाला. "पण तुमी त्याले हात लावू नका. तुमची नोकरी जाईन."

मग तो थोडा थांबला. "एक गोष्ट माह्या मनात हाये, साहेब. घटसर्पाच्या वर्षी म्हशी तुमच्या सुईनं वाचल्या. मले माहीत होतं. त्याच्या तीन वर्षं पहिले माही स्वतःची म्हैस त्याच रोगानं मेली. मी धूर केला होता, काई झालं नाई. तुमी आले, डबा घेऊन टोचत फिरले, आन् एकबी मेली नाई. मले रात-दिवस जळण होत होती तुमची. म्हणून तोरणाखाली धोतर घेतलं आन् चूप राह्यलो. दोन शब्द बोललो असतो तर तुमचं नाव झालं असतं."

श्रीहरीनं जाळी धरली. खबर आपणच दिली हे त्याला सांगायचं होतं. भेटीची वेळ संपली म्हणून शिपायानं हाक दिली आणि तो निघून आला.

कुड्याच्या सालीनं वासरं वाचली, सगळी नाही, पण पुष्कळशी. लोकांनी त्याचे पाय धरले. त्यानं सांगितलं, हे शालिकरामचं औषध. आठ वर्षांत हे नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा चांगल्या अर्थानं निघालं होतं.

खटला डिसेंबरात उभा राहिला. कोर्टानं मला शालिकरामचा सरकारी मदतीचा वकील नेमलं होतं. माझा बचाव साधा होता: झाडं आपोआप उगवलेली, लागवड केलेली नाहीत. साक्षीच्या आदल्या दुपारी श्रीहरी माझ्या खोलीत आला.

"तुम्ही सरकारचे साक्षीदार," मी म्हणालो. "माझ्याशी बोलू नका."

"नाई बोलत. उद्या कोर्टात मले एकच विचारा. पोलिसाले कोणं सांगितलं ते." आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पंचनाम्याला पुष्टी दिली. झाडं चार. कुंपण होतं. आळी होती. माझा बचाव तिथंच बसला. मग मी उलटतपासाला उठलो, आणि वकिलानं उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये हे मला शिकवलेलं असूनही मी विचारलं.

"पोलिसांना खबर कोणी दिली?"

"मी."

कोर्टात बसलेली गोकुळा उभी राहिली. शालिकराम आरोपीच्या पिंजऱ्यात होता, तो हललाही नाही.

"का दिली?"

"माझ्या दवाखान्यात ढोरं येत नव्हती. त्याच्याकडे जात होती. मी जळत होतो."

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश वयस्कर होते, त्यांनी हातानं थांबवलं आणि स्वतः विचारलं, "तुम्ही शपथेवर आहात. ती झाडं कशासाठी होती?"

"ढोराच्या औषधासाठी, साहेब. माझा स्वतःचा बैल त्यानं बरा झाला. थोडा तो स्वतः ओढत होता, तेबी खरं. विकताना मी कवाच पाह्यलं नाई, आणि मी आठ वर्षं खिडकीतून त्याच्याच घराकडे पाहून राह्यलो होतो. माझ्यापेक्षा जास्त कोणंच पाह्यलं नसन."

कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.

निकाल डिसेंबरच्या अखेरीस लागला. लागवड सिद्ध होते, म्हणून आरोपी दोषी. पण शिक्षा भोगली तेवढीच पुरे, म्हणजे साडेपाच महिने. न्यायाधीश म्हणाले, गांजाच्या बाबतीत कायद्यानं किमान शिक्षा ठरवलेली नाही म्हणून एवढं तरी माझ्या हातात आहे. जामिनाच्या वेळी तेवढंही नव्हतं. आणि पाल्याऐवजी अफू किंवा ब्राउन शुगर सापडली असती, तर किमान दहा वर्षं ठरलेलीच; माणूस कोण आणि कशासाठी हे मला पाहताही आलं नसतं. वकिलांनी आणि लोकांनी या गोष्टीचा विचार करावा. हे त्यांनी निकालपत्रात लिहिलं नाही, तोंडी बोलले.

बाहेर व्हरांड्यात गोकुळानं श्रीहरीला गाठलं. ती त्याच्यापुढं उभी राहिली. मग म्हणाली, "गावात नवे आले तवा माह्या हातचं मासोळीचं कालवण तुमी खाल्लं होतं ना?" आणि निघून गेली. त्यानं सांगितलं की तिनं थोबाडीत दिली असती तर सोपं गेलं असतं.

घरी रामाजींनी त्याला जवळ बसवलं. कमलानं विचारलं, "तवा काऊन नाई सांगितलं मले?" तो म्हणाला, "तू त्याच्याकडे बैल नेला होता." कमला म्हणाली, "तुमी बी नेला असता. चार दिवसांनी का होईना." आणि ती रडायला लागली.

त्यानंतर तो माझ्याकडे आला, एक वही घेऊन. त्याला निवेदन लिहायचं होतं, राज्याला आणि दिल्लीला. आम्ही दोघं दोन दुपारी बसलो. वाडीतलं झाड आणि ट्रकभर माल यांना एकाच तागडीत घालू नये. घरच्या वापराला, औषधाला तुरुंग नको. व्यसन जडलेल्या माणसाला आधी डॉक्टरपुढं न्यावं. जामीन द्यायचा की नाही, हे न्यायाधीशाला माणूस पाहून ठरवू द्यावं. हे मी सुचवलेलं, वकिली भाषेतलं. एक वाक्य त्याचं होतं आणि ते त्यानं मला बदलू दिलं नाही: "हा कायदा इतका कडक आहे आणि लावायला इतका सोपा आहे की माझ्यासारख्या मत्सरी माणसाला तो शेजाऱ्यावर सहज वापरता आला. तो मी वापरला. तरी तो दुरुस्त करावा."

"हे लिहिलंत तर खात्याची कारवाई तुमच्यावर येईल," मी म्हणालो.

"येऊ द्या. सही करतो हुद्द्यासकट. पंचनाम्यावर केली होती ना?"

गावाच्या सह्या घ्यायला तो स्वतः निघाला. पहिल्या दिवशी तेरा घरी गेला. कुणी दार उघडलं नाही, कुणी उघडून न बोलता लावून घेतलं. लच्छूनं वही हातात घेतली आणि तशीच परत दिली. श्रीहरी वही घेऊन दवाखान्यात बसला. खोडा पुन्हा रिकामा होता.

तिसऱ्या दिवशी शालिकराम आला. तुरुंगातून आल्यावर तो पहिल्यांदाच दवाखान्याची पायरी चढत होता. श्रीहरी उठून उभा राहिला.

"शालिकभाऊ, मी..."

"ऐकलं मी कोर्टात. पुन्हा पुन्हा कायले सांगता?" शालिकरामचा आवाज कोरडा होता. "साडेपाच महिने लय झाले, साहेब. माह्या बायकोनं एकटीनं काढले. ते मी विसरणार नाई. वही कुठी हाये?"

त्यानं सगळ्यात वर अंगठा उठवला आणि वही काखेत मारून निघून गेला. दोन दिवसांत दोनशे सात सह्या आणि अंगठे झाले. ढिवर मोहल्ला, बौद्धवाडा, पाटलाचं घर, शेजारची दोन गावं. लच्छूनंही केली.

फेब्रुवारीत दिल्लीहून पोच आली, निवेदन संबंधित विभागाकडे पाठवलं आहे म्हणून. पुढं काही आलं नाही. कायदा तसाच राहिला. श्रीहरीला खात्याची नोटीस आली, आणि मग भामरागडला बदली, जिथं पावसाळ्यात चार महिने रस्ता नसतो. जायच्या आधी तो निरोप घ्यायला माझ्याकडे आला. वही त्याच्या पिशवीत होती, मूळ प्रत. दोनशे सात सह्यांवरून त्यानं बोट फिरवलं.

"वकीलसाहेब, एक खरं सांगू?"

"सांगा."

"मी तेरा घरं फिरलो, एक सही नाई. तो दोन दिवसांत दोनशे घेऊन आला. माझ्याच कागदावर." तो कसनुसं हसला. "पुन्हा जळलो जी. वही हातात घेतली आणि पहिले तेच वाटलं."

चहा आला. त्यानं तो सगळा संपवला, आणि भामरागडला वासरांची हगवण फार असते असं ऐकलंय, तिथं कुडा मिळतो का, हे मला विचारू लागला.